देवगिरीवरचा अर्धा दिवस

शाळू निसवायला लागला की आजा एखाद्या रात्री शेकोटीपाशी म्हणायचा, “चाल रे, उद्या देवगिरीवर जाऊन येऊ. दुपारच्या पाण्याच्या पाळीला माघारी येऊ.” आमचं गाव दौलताबादेच्या अलीकडं. तांबडं फुटायच्या आत निघायचं. अंगावर घोंगडं, फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा. पोचेपर्यंत चांदमिनाराच्या शेंड्यावर ऊन आलेलं असे.

भिल्लम यादवाची ही राजधानी. खंदकावरून पलीकडं बघितलं की छाती दडपते. डोंगराचा कडा माणसांनी छिन्नीनं उभा तासलाय. पाय ठेवायला खाच नाही. वर जायचं ते अंधारीतूनच. आत वटवाघळांचा उग्र वास, आजाचा हात घट्ट धरलेला. पुढं बारादरी आणि वर जनार्दनस्वामींच्या पादुका. तिथं टेकून आजा भाकर सोडायचा आणि दर साली तेच सांगायचा, “हा किल्ला चढून कोणी घेतला नाही बघ. पोटानं घालवला.”

पुढं कॉलेजात वाचलं तेव्हा कळलं, म्हातारा खोटं बोलत नव्हता. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा रामदेवरायाचं बरंचसं सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर होतं. घाईघाईत पोती गडावर नेली. जुन्या तवारिखेत लिहिलंय, की उघडून बघितली तर पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं. राजाला खंडणी देऊन तह करावा लागला. पुढं १६३३ मध्ये शाहजहानच्या महाबतखानानं वेढा घातला. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं दख्खनेत भयंकर दुष्काळ पडलेला. वेढ्यात सुरुंग लागले, तट ढासळले. पण आतलं धान्यही संपलं होतं. मलिक अंबरच्या पोरानं, फतेहखानानं, किल्ला सोडला. निजामशाहीचं बाळराजे ग्वाल्हेरला कैदेत गेलं.

आजाला यातलं सन-साल ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं बहात्तर. त्या साली घरातलं पेव रिकामं झालं. आजा-आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले; सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढले. वर बसून एकदाच त्यानं सांगितलं, “पोरं रडायली म्हून बियाण्याचं गाडगं फोडलं. पुढल्या साली पाऊस आला, पर पेरायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं.” एवढं बोलून त्यानं फडकं झटकलं. सांडलेले तुकडे वेचून तोंडात टाकले.

उतरताना तो काही बोलला नाही. दुपारी दारं धरायला आम्ही वेळेत पोचलो.

आता मी माझ्या पोरांना घेऊन जातो. ती कड्याचे, तोफेचे फोटो काढतात. मी त्यांना पोत्यातल्या मिठाची गोष्ट सांगतो. गाडग्याची अजून सांगितली नाही. या हिवाळ्यात सांगावी म्हणतो.