कागदावर कागद

लँडस्केप आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांच्या टेबलावर बटर पेपरची गुंडाळी असतेच. खाली कंटूरचा नकाशा, त्यावर एका कागदावर नाले, दुसऱ्यावर माती, तिसऱ्यावर झाडं. प्रत्यक्ष डिझाइनची रेघ ओढण्याआधी कित्येक दिवस या साइट ॲनालिसिसमध्येच जातात. घरच्यांना वाटतं, पोरगी बागा करायला शिकते आहे. या कागदांची वंशावळ पाहिली तर बागेचा संबंध फार लवकर सुटतो.

सुरुवात बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन गावातल्या एका ऑफिसात होते. ते फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडचं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा त्याने १८५८ साली कॅल्व्हर्ट व्हॉक्सबरोबर केला. हा विषय तो कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. शेती आणि पत्रकारिता करून तो या कामात आला होता. पार्कमधला जवळजवळ सगळा ‘निसर्ग’ माणसाने घडवलेला आहे. खालची दलदल हटवायला जॉर्ज वेअरिंग नावाच्या शेतकी इंजिनिअरने मातीच्या भाजक्या नळ्या पुरल्या, मग वर हिरवळ आली. लोकांना हिरवळ दिसते, नळ्या दिसत नाहीत. या व्यवसायाला ‘शेवटी उरलेल्या जागेत लॉन टाकणारे’ समजतात, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

१८९०च्या दशकात याच ऑफिसात चार्ल्स एलियट हा तरुण भागीदार होता. बॉस्टनभोवतीच्या कोणत्या टेकड्या, कोणते नदीकाठ लोकांसाठी राखून ठेवायचे, हे काम त्याच्याकडे होतं. उन्हात छापून घेतलेले एकाच जागेचे वेगवेगळे नकाशे एकावर एक ठेवायचे आणि खिडकीच्या काचेला लावून बघायचे, ही त्या ऑफिसची रीत. मागून उजेड आला की उतार, झाडी आणि पाणी एकदम दिसायचं. एलियट १८९७ साली गेला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. त्याचे वडील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते. मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी १९०० साली तिथे लँडस्केप आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम सुरू करवला. अमेरिकेतल्या विद्यापीठातला हा पहिलाच. शिकवायला ओल्मस्टेडचा मुलगा. मुलींना मात्र तिथे १९४२पर्यंत प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी १९०१ साली ग्रोटन गावी लोथॉर्प स्कूल निघालं.

ओल्मस्टेडच्याच हाताखाली तयार झालेल्या वॉरन मॅनिंगने १९१२मध्ये बिलेरिका या गावासाठी माती, झाडी, चढउतार आणि जमिनीचा वापर असे नकाशे करून एकमेकांवर ठेवले. १९५०च्या एका पाठ्यपुस्तकात जॅकलिन टिरविट यांनी ही पद्धत नीट लिहून काढली. या टिरविटबाई पुढे दिल्लीतल्या १९५४च्या संयुक्त राष्ट्रांच्या गृहनिर्माण परिसंवादासाठी भारतात आल्या होत्या.

पण या पद्धतीचा डंका वाजवला तो इयन मॅकहार्गने. हा स्कॉटिश गृहस्थ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवायचा. १९६९च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकात त्याने न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या रिचमंड पार्कवेचं उदाहरण घेतलं. रस्ता कुठून न्यायचा? प्रत्येक बाबीचा एक पारदर्शक कागद केला: उतार, धूप, झाडी, प्राणी, ऐतिहासिक जागा, जमिनीच्या किमती. जिथे रस्त्याने जास्त नुकसान होईल तिथे गडद छटा, कमी तिथे फिकट. सगळे कागद एकावर एक चढवले की सर्वांत फिकट पट्टा दिसतो. रस्ता तिथून न्यायचा. इंजिनिअर मुख्यतः खर्च आणि अंतर मोजत होते, त्यांच्यापुढे हे भारीच होतं.

इथे जरा थांबून कागदाकडे नीट बघावं. घरांचा जो कागद होता, त्यात महागड्या घरांचा भाग गडद आणि स्वस्त घरांचा फिका. म्हणजे गरिबाच्या घरावरून रस्ता नेला तर नुकसान कमी! नकाशा मोठा निःपक्षपाती दिसतो, पण कोणता थर घ्यायचा आणि त्याला किती वजन द्यायचं हे माणूस ठरवतो. सेंट्रल पार्कचंच बघा. त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची सुमारे सव्वादोनशे माणसांची वस्ती होती. बहुतेक कृष्णवर्णीय, काही आयरिश. त्यांची चर्च होती, शाळा होती. पार्कसाठी शहराने ती १८५७पर्यंत उठवली. ओल्मस्टेड-व्हॉक्सचा आराखडा मंजूर झाला तेव्हा जागा मोकळी होती.

कागदाचा पुढचा जन्म कॉम्प्युटरमध्ये. हार्वर्डच्याच डिझाइन स्कूलमध्ये १९६५ साली हॉवर्ड फिशरने नकाशे काढणारी प्रयोगशाळा उभारली. तिथला सायमॅप हा प्रोग्रॅम साध्या प्रिंटरवर अक्षरांवर अक्षरं ठोकून गडदपणा आणायचा. कार्ल स्टाइनिट्झसारखे लँडस्केपचे शिक्षक तिथे रमले. जॅक डेंजरमंड हा तिथला लँडस्केपचा विद्यार्थी, कॅलिफोर्नियातल्या नर्सरीवाल्याचा मुलगा. त्याने १९६९मध्ये बायकोबरोबर ‘एसरी’ काढली. आज महापालिकेपासून वनखात्यापर्यंत ज्या संगणकी नकाशांना जीआयएस म्हणतात, त्या धंद्यातली ही सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक.

भारतात हा विषय पदव्युत्तर पातळीवर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली सुरू झाला. मोहम्मद शाहीर यांच्यासारखे शिक्षक तिथलेच. दिल्लीच्या सुंदर नर्सरीत त्यांचं काम बघायला मिळतं. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भानुबेन नानावटी कॉलेजात मुली लँडस्केपमध्ये एम.आर्क. करतात. लोथॉर्पच्या बायकांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

आपल्याकडे एकावर एक थर ठेवायच्या या रीतीचा एक मोठा वापर मात्र लँडस्केपवाल्यांनी केला नाही. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११च्या अहवालात सगळा पश्चिम घाट साधारण नऊ किलोमीटरच्या चौकोनांत मांडला, प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि त्यावरून पर्यावरणीय संवेदनशीलतेचे तीन स्तर ठरवले. पुढे कस्तुरीरंगन समितीने चौकोन सोडून गाव हे एकक धरलं. वादावादी पुष्कळ झाली.

त्याच गाडगीळ अहवालात सिंधुदुर्गातल्या २५ गावांची नोंद आहे. त्यांच्या ग्रामसभांनी, आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे आपणहून ठराव केले होते. हा थर उपग्रहाच्या चित्रात नव्हता, ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये होता.