माँटगोमेरी (ॲलाबामा)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲलाबामा राज्याची राजधानी. लोकसंख्या २,००,६०३ (२०२०). ॲलाबामा नदीकाठच्या दोन लहान वसाहती १८१९ मध्ये एकत्र होऊन हे शहर झाले. १८४६ मध्ये राजधानी टस्कलूसाहून येथे आली. कापूस, नदीवरील वाहतूक आणि गुलामांचा व्यापार यांवर त्याची सुरुवातीची भरभराट उभी राहिली.

येथील बरीच ऐतिहासिक स्थळे डेक्स्टर ॲव्हेन्यू या रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास असून ती पायी पाहणेच योग्य. सुरुवात कोर्ट स्क्वेअरपासून करावी. आज कारंजे असलेल्या या चौकात यादवी युद्धापूर्वी माणसांचे लिलाव होत. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स कामावरून घरी जाण्यासाठी याच चौकात बसमध्ये चढल्या. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास त्यांनी नकार दिला आणि थोड्या अंतरावर त्यांना अटक झाली. त्या ठिकाणी आता त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. त्यानंतर कृष्णवर्णीय नागरिकांनी ३८१ दिवस शहरातील बसवर बहिष्कार टाकला. बसमधील भेदभाव न्यायालयात संपवला तो मात्र ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्व्हिन, सूझी मॅकडॉनल्ड आणि मेरी लुईझ स्मिथ या चौघींच्या खटल्याने. त्यांची नावे पार्क्स यांच्याइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

रस्त्याच्या वरच्या टोकाला, विधानभवनाच्या अगदी जवळ, लाल विटांचे डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च आहे. मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) १९५४ ते १९६० या काळात येथे धर्मोपदेशक होते. याच काळात, १९५९ मध्ये, ते भारतात आले आणि मुंबईत मणिभवनात राहिले. बसवरील बहिष्कार चालू असताना, ३० जानेवारी १९५६ रोजी, जॅक्सन स्ट्रीटवरील त्यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. आत पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी होती, दोघी बचावल्या. संतापून जमलेल्या लोकांना किंग यांनी त्याच ओसरीवरून शांतपणे घरी परत पाठवले. हे साधे लाकडी घर आता संग्रहालय म्हणून पाहता येते.

पांढऱ्या घुमटाच्या विधानभवनाच्या ओवरीत पितळी तारा बसवलेला आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष म्हणून जेफरसन डेव्हिस यांनी १८ फेब्रुवारी १८६१ रोजी तेथे शपथ घेतली. त्याच इमारतीसमोर २५ मार्च १९६५ रोजी सेल्माहून ८७ किमी. चालत आलेला मताधिकार मोर्चा पोहोचला. पायऱ्यांवर सभा घेऊ न दिल्याने किंग खाली रस्त्यावरील व्यासपीठावरून बोलले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. तारा आणि रस्ता ही दोन्ही ठिकाणे एकाच वेळी पाहिल्याशिवाय या शहराचा अर्थ लागत नाही.

शांतता व न्यायाचे राष्ट्रीय स्मारक (२०१८) जवळच्या टेकडीवर आहे. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार केलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची ही स्मृती. आठशेहून अधिक पोलादी स्तंभ, प्रत्येक एकेका परगण्याचा, त्यावर बळींची नावे. सुरुवातीला ते नजरेच्या पातळीवर असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि स्तंभ डोक्यावर टांगलेले राहतात. नागरी हक्कांवरील अनेक संग्रहालयांपेक्षा हे स्मारक अधिक प्रामाणिक आहे, कारण ते विजयाची नव्हे, गुन्ह्याची नोंद ठेवते. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा आणि नावे वाचत सावकाश चालावे.