नावाचा पत्ता लागत नाही तेव्हा

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड हे गाव आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी हेच गाव अकोला जिल्ह्यात गणले जाई. एखाद्याने जुन्या वहीतून पत्ता उतरवला, तर पाकिटावर आजही 'जिल्हा अकोला' असेच लिहिले जाईल. गाव जागचे हललेले नाही, त्याचे नावही बदललेले नाही; शिळी झाली आहे ती वहीतील नोंद. युनिक्स संगणकाला दुसऱ्या यंत्राचे नाव ओळखता येत नाही, तेव्हा बहुधा असेच काहीसे झालेले असते. पलीकडचे यंत्र सुरू असते, तार शाबूत असते. मात्र नावावरून पत्ता सांगणारी वही जुनी, अपुरी किंवा चुकीची असते. म्हणूनच दोष शोधताना 'नाव कोणत्या वहीत पाहिले गेले?' हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

हा भेद केवळ तंत्रज्ञांच्या कामाचा नाही. पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीची नोंदणी, सातबाराचा उतारा अशी कामे आता संकेतस्थळांवर होतात आणि त्यांतील अनेकांना मुदत असते. अखेरच्या दिवशी 'नेट बंद आहे' असे सांगून माणसाला परत पाठवले जाते, तेव्हा पुष्कळदा जोडणी सुरू असते आणि अडलेले असते ते फक्त नाव.

एका वहीपासून अनेक वह्यांपर्यंत

संगणक परस्परांना नावाने नव्हे, तर आयपी क्रमांकाने ओळखतात. नावे माणसाच्या सोयीसाठी असतात. महाजालाच्या आरंभकाळात सर्व यंत्रांची नावे आणि क्रमांक एकाच फायलीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती फाईल सांभाळी आणि इतरांनी तिची प्रत वेळोवेळी उतरवून घ्यायची, अशी पद्धत होती. यंत्रे वाढली तशी ही व्यवस्था कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएस, मांडली. गाव, तालुका, जिल्हा अशा उतरंडीप्रमाणे प्रत्येक स्तराने आपापली नोंदवही सांभाळावी, हे तिचे तत्त्व. भारतापुरते पाहता 'डॉट इन' नावांची नोंदवही प्रथम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. २००५ पासून ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, अर्थात 'निक्सी'कडे आहे.

जुनी पद्धत मात्र पुरती गेली नाही. प्रत्येक युनिक्स यंत्रात 'इटीसी' या निर्देशिकेत 'होस्ट्स' नावाची फाईल आजही असते. तिच्या शेजारी आणखी दोन फायली महत्त्वाच्या. 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' डीएनएस सर्व्हरचे क्रमांक सांगते, तर 'एनएसस्विच डॉट कॉन्फ' कोणती वही आधी पाहायची हा क्रम ठरवते. बहुतेक तपास या तीन फायलींतच संपतो.

आधी क्रमांक, मग नाव

तपासाची पहिली पायरी म्हणजे त्रुटीचा संदेश नीट वाचणे. 'अननोन होस्ट' याचा अर्थ नावच सापडले नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' याचा अर्थ नाव सापडले, यंत्रही गाठले, पण तेथील सेवेने दार उघडले नाही. दुसऱ्या प्रसंगी नावांच्या फायली चाळण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर 'पिंग' ही आज्ञा क्रमांक देऊन चालवावी. प्रथम कार्यालयातील राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या यंत्राला. क्रमांकाला उत्तर मिळते आणि नावाला मिळत नाही, तर दोष नामव्यवस्थेत आहे हे निश्चित. काही यंत्रे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच यंत्रावरून निष्कर्ष काढू नये.

पुढची पायरी अनेकांची दिशाभूल करते. 'डिग' आणि 'एनएसलुकअप' या आज्ञा थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. 'गेटेंट होस्ट्स' ही आज्ञा मात्र यंत्रावरील बहुतेक कार्यक्रम ज्या मार्गाने जातात त्याच मार्गाने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने वह्या पाहत जाते. म्हणून दोन्ही चालवून उत्तरे ताडून पाहावीत. डिगला बरोबर उत्तर मिळते आणि गेटेंटला मिळत नाही किंवा वेगळे मिळते, तर चूक याच यंत्रावर आहे. दोन्ही अपयशी ठरली, तर डिगमध्ये दुसऱ्या सर्व्हरचा क्रमांक देऊन तोच प्रश्न विचारावा. तेथे उत्तर मिळाले, तर दोष नेहमीच्या सर्व्हरचा किंवा तेथवर जाणाऱ्या वाटेचा.

फायलींतील चुका

होस्ट्स फायलीत आधी क्रमांक, मग पूर्ण नाव, मग टोपणनावे असा क्रम हवा. समजा, कार्यालयातील एका यंत्राला केनवड हे नाव रोमन अक्षरांत दिले आहे. एकाने ते 'व्ही'ने लिहिले, दुसऱ्याने 'डब्ल्यू'ने. माणसाला दोन्ही एकच; यंत्राला ती दोन वेगळी नावे. इंग्रजी अमदानीत वाशिमला 'बासिम' म्हणत, हे जाणकाराला ठाऊक असते. यंत्राला टोपणनाव नोंदवून ठेवले असेल तरच कळते. विंडोजवर संपादित केलेल्या फायलीत ओळीच्या शेवटी न दिसणारे चिन्ह शिल्लक राहते आणि त्यामुळेही नाव जुळेनासे होते. 'रूट' वापरकर्त्याला नाव सापडते, पण इतरांना सापडत नाही, असे दिसले तर फाईल वाचण्याची परवानगी तपासावी.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये लिनक्सवर सर्वसाधारणपणे पहिल्या तीनच सर्व्हरची दखल घेतली जाते. पहिला सर्व्हर मृत असेल, तर त्याच्यासाठी सहसा पाच सेकंद वाट पाहिली जाते. प्रत्येक पान उघडण्यापूर्वी ठराविक काळ खोळंबा होत असेल, तर संशय येथेच घ्यावा. मात्र पहिल्या सर्व्हरने 'असे नावच नाही' असे ठाम उत्तर दिले, तर दुसऱ्याला विचारले जात नाही. त्यामुळे कार्यालयातील नावे ठाऊक असलेला सर्व्हर दुसऱ्या ओळीत लिहून काही साधत नाही.

ही फाईल हाताने दुरुस्त केली तरी अनेक यंत्रांवर ती पुन्हा सुरू होताच पूर्ववत होते, कारण नेटवर्कची जोडणी सांभाळणारा कार्यक्रम ती नव्याने लिहितो. दुरुस्ती त्या कार्यक्रमाच्या मांडणीतच करावी. नव्या लिनक्स यंत्रांवर तेथे १२७.०.०.५३ हा क्रमांक दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. तो यंत्रातच बसलेल्या मध्यस्थाचा क्रमांक आहे.

जुन्या उत्तरांची आठवण

फायली बरोबर असूनही जुनेच उत्तर येत राहते, तेव्हा ते साठवणीतून येत असते. प्रत्येक डीएनएस नोंदीसोबत ती किती सेकंद जपून ठेवावी हे लिहिलेले असते. 'नाव नाही' हे उत्तरही असेच जपले जाते. सर्व्हरवर नोंद करण्यापूर्वीच कोणी ते नाव विचारले असेल, तर नोंद झाल्यावरही काही काळ नकारच मिळतो. अशा वेळी साठवण रिकामी करावी, ब्राउझर किंवा दीर्घकाळ चालणारा कार्यक्रम पुन्हा सुरू करावा. नाहीतर मुदत संपेपर्यंत थांबावे.

दोष पार दूर असल्याचीही उदाहरणे आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले. जगभरातील संगणकांना ते नावच सापडेना. मूळ कारण मात्र कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातील बिघाडामुळे तिच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे मार्गच नाहीसे झाले, हे होते. त्या दिवशी आपल्या यंत्रात बदल करणाऱ्यांनी उलट नवे दोष निर्माण केले असते.

तात्पुरत्या नोंदीचा धोका

अडचणीच्या वेळी होस्ट्स फायलीत एक ओळ लिहून काम उरकणे सोपे असते. काही महिन्यांनी पलीकडचा क्रमांक बदलतो, ओळ तशीच राहते आणि सर्वांचे सुरू असलेले संकेतस्थळ या एकाच यंत्रावर बंद दिसते. नोंदवहीवरचा विश्वास कसा लुबाडला जातो, हे 'डीएनएसचेंजर' प्रकरणाने दाखवले. त्या टोळीने चाळीस लाखांहून अधिक संगणकांतील डीएनएस सर्व्हरचे क्रमांक बदलून टाकले होते. २०११ मध्ये आरोपी पकडले गेले. त्यांच्या जागी न्यायालयाच्या आदेशाने चालवलेले पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद करण्यात आले. म्हणून अनोळखी व्यक्तीने सुचवलेला क्रमांक, विशेषतः बँकेच्या नावापुढे, कधीही लिहू नये.

तपास करताना एका वेळी एकच बदल करावा, मूळ फायलीची प्रत ठेवावी आणि तात्पुरत्या ओळीशेजारी तारीख व कारण लिहावे. युनिक्समध्ये 'हॅश' चिन्हापुढील मजकूर यंत्र वाचत नाही; तो पुढे येणाऱ्या माणसासाठी असतो.