अंगणवाडीतले ताट

आमच्या कौंडण्यपुरात कार्तिकात यात्रा भरते, दहीहंडी फुटते. गोपाळकाल्याची कथा आपल्याला ठाऊक आहेच. सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या गेल्या आणि प्रत्येकाला सारखा घास मिळाला. मुलांना एका पंगतीला बसवून खाऊ घालण्याची कल्पना आपल्याकडे अशी जुनी आहे. सरकारी अंगणवाडीतल्या ताटाचा इतिहास मात्र पन्नासेक वर्षांचा, आणि त्याचे पहिले पान आपल्याच अमरावती जिल्ह्यातले आहे.

‘अंगणवाडी’ म्हटले की आठवतात ताराबाई मोडक. लग्नानंतर त्या काही काळ अमरावतीत राहिल्या होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मेळघाटातले धारणी त्यांपैकी एक. आता अंगणात पाटीबरोबर ताटही आले.

पण ताटात किती वाढायचे? २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाला रोज ३०० कॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिने देण्याचा आदेश दिला. २००४ मध्ये आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, असेही बजावले. २००९ साली हे माप ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे वाढले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण हा हक्क ठरवला. लहानग्याचे पोट लहान. एका बैठकीत त्याला फार खाववत नाही, म्हणून दोनदा द्यायचे.

मी अंगणवाडीत गेलो की आधी पातेल्यात डोकावतो. पातेले भरलेले असते. पण त्यात काय आहे, हा प्रश्न उरतोच. नुसत्या गोड लापशीने कॅलरी भरतात, रक्त भरत नाही. खिचडीत तांदळाला डाळीची जोड मिळाली की एकाच्या प्रथिनांतली उणीव दुसरे भरून काढते. डाळ पाण्यासारखी झाली की ती जोड तुटते. पालेभाजीतले लोह अंगी लागायला सोबत आंबट फळ हवे. मेळघाटासारख्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून २०१६ पासून मुलांना अंडी किंवा केळी देण्याचे ठरले, ते याच विचाराने. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि कॅलरी-प्रथिनांच्या जोडीला जीवनसत्त्वे व खनिजेही मापात आली.

मात्र पैशाशिवाय ताट भरत नाही. २०१७ साली केंद्राने दर मुलामागे रोजचा दर ६ रुपयांवरून ८ रुपये केला. त्यात डाळ, तेल, भाजी सगळे बसवायचे! अशा वेळी गावाने हात द्यावा, असे मला वाटते. आपल्या वऱ्हाडात तूर पिकते, वरूड-मोर्शीची संत्री ट्रकांनी परप्रांतात जातात. त्यातली एक फोड रोज अंगणवाडीतल्या खिचडीशेजारी पडली, तर गोपाळकाल्याचा खरा अर्थ आपल्याला कळला म्हणायचा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)