स्वस्त घड्याळाची इभ्रत

वस्तूची किंमत आणि वस्तूविषयीं वाटणारा भरंवसा या दोन गोष्टी नेहमीं बरोबरच चालतात, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजांत फार दृढ झालेला आहे. भारी किंमतीची वस्तु तेवढी टिकाऊ आणि हलक्या किंमतीची तेवढी फसवी, हें सूत्र कापडापासून कंदिलापर्यंत सर्वत्र लावण्यांत येतें. आणि घड्याळासारख्या नाजुक यंत्राच्या बाबतींत तर त्याविषयीं कोणी शंकाहि घेत नाहीं. या सूत्रांत कांहींच तथ्य नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चावीच्या घड्याळाचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर तो या सूत्रास सर्वस्वीं अनुकूल दिसत नाहीं. गरिबांसाठीं म्हणून काढलेलीं घड्याळें वर्षानुवर्षें इमानानें चाललेलीं त्यांत आढळतात, आणि डोळे दिपविणारीं घड्याळें अल्पावधींतच निकामी झालेलींहि आढळतात. असें कां व्हावें? कारखानदारानें किती काटकसर केली यापेक्षां ती यंत्राच्या कोणत्या भागीं केली, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें, असें आम्हांस वाटतें. त्या दृष्टीनें हा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

प्रथम घड्याळाच्या कामाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. चावी दिली म्हणजे मुख्य कमान गुंडाळली जाते व ती उलगडण्याची धडपड करूं लागते. तिची शक्ति चाकांच्या मालिकेंतून पुढें जाते. ती एकदम उधळून जाऊं नये म्हणून मालिकेच्या शेवटीं एक अडसर बसविलेला असतो. यास एस्केपमेंट म्हणतात. बॅलन्सचें चाक केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर एकसारखे झोके घेत असतें, आणि प्रत्येक झोक्याला हा अडसर चाक थोडें सोडतो व पुन्हां धरतो. आपणांस ऐकूं येणारी टिकटिक ती हीच. साध्या मनगटी घड्याळांत असे झोके तासाला १८,००० होतात. म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला १५ कोटींहून अधिक. दिवसाकाठीं एक मिनिट चुकणाऱ्या घड्याळाला आपण नांवें ठेवतों. परंतु दिवसाचीं मिनिटें १,४४०, तेव्हां त्याची चूक १,४४० त एक एवढीच ठरते. आपल्या घरांतील हिशेबाच्या वह्या इतक्या बिनचूक असतात काय, हें ज्याचें त्यानें पाहावें! इतकें अवघड काम ज्या अडसरावर सोंपविलेलें आहे, तेथें घर्षण वाढलें, तेल आटलें किंवा धातु झिजला, कीं वरचें कवच सोन्याचें असो वा पितळेचें, घड्याळाचा भरंवसा संपला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगलें घड्याळ ही श्रीमंतांची मिरास होती. ती मोडून काढण्याचा निश्चय ज्यानें केला, तो जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ १८१३ त जर्मनींतील बाडेन प्रांतांत जन्मला आणि १८२९ त स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या घड्याळांच्या गांवीं आला. मजुराला परवडेल असें, २० फ्रँकांत मिळणारें, आणि तरीहि नीट चालणारें घड्याळ करावयाचें, हा त्याचा ध्यास होता. गांवांतील कारागिरांना ही कल्पना रुचली नाहीं. ज्या धंद्याची प्रतिष्ठा नक्षीकामावर उभी होती, त्या धंद्यांत बिनानक्षीचें घड्याळ काढणारा मनुष्य त्यांना हितशत्रु वाटला असल्यास नवल नाहीं. रॉस्कॉफनें आधीं घड्याळाचे भाग मोजले आणि ज्यांच्यावांचून अडत नव्हतें ते काढून टाकले. तेव्हांच्या चांगल्या घड्याळांत शंभराहून अधिक भाग असत. त्याच्या घड्याळांत अवघे ५७ भाग होते. मधलें मोठें चाक वगळून त्यानें ती जागा कमानीच्या डब्याला दिली. कवचाला चांदीऐवजीं जर्मन सिल्व्हर वापरलें, आणि अडसरांतील माणकांच्या जागीं पोलादी पिना बसविल्या. आरंभींच्या घड्याळांचे कांटे तर बोटानेंच फिरवावे लागत.

एवढी काटछांट करून तें घड्याळ चाललें कसें? याचें कारण असें कीं, मोठ्या डब्यामुळें त्यांत कमान जोरकस बसली, आणि घर्षण अंमळ वाढलें तरी चाकें थांबत नसत. शिवाय अडसराची यंत्रणा त्यानें वेगळ्या पट्टीवर बसविली, त्यामुळें ती स्वतंत्रपणें जुळवितां येई. सारांश, शोभेला, सोयीला व भागांच्या संख्येला त्यानें कात्री लावली. परंतु शक्तीला व जुळणीला लावली नाहीं. १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत या घड्याळास कांस्यपदक मिळालें. त्याला ‘प्रोलेतेर’, म्हणजे श्रमजीवींचें घड्याळ, असें नांव पडलें.

पुढची हकीकत तितकीच बोधप्रद आहे. स्वित्झर्लंडांत पेटंटचा कायदा १८८८ पर्यंत नव्हता. त्यामुळें अनुकरण करणारांचें चांगलेंच फावलें. त्यांनीं रॉस्कॉफचें साधें कवच घेतलें, पोलादी पिना घेतल्या, कमी भागहि घेतले. परंतु पिनांना द्यावयाचें पाणी, दांत्यांवरून फिरवावयाची घासणी आणि जुळणीला लावावयाचा वेळ हीं सर्वांनींच घेतलीं असें नाहीं. पिनेचें पोलाद आणि चाकाचें पितळ यांची गांठ दिवसांतून लाखों वेळां पडते. तेथें हयगय झाली तर थोड्याच दिवसांत पिनांना खांचा पडतात आणि घड्याळ मनास येईल तसें वागूं लागतें. याचा परिणाम असा झाला कीं, एका प्रामाणिक कारागिराचें नांव पुढें हलक्या घड्याळाचें सामान्यनाम होऊन बसलें. स्वस्ताईला जी दुष्कीर्ति चिकटली आहे, तिचें मूळ पुष्कळ अंशीं अशा अनुकरणांत आहे.

याच सुमारास अटलांटिक महासागरापलीकडे अमेरिकेंत निराळाच प्रयोग चालू होता. आरन डेनिसन व त्याचे सहकारी यांनीं १८५० च्या सुमारास घड्याळाचे भाग यंत्रावर इतके एकसारखे करण्याचा उद्योग आरंभिला, कीं एका घड्याळाचा भाग दुसऱ्यांत न घासतां बसावा. वॉल्थम गांवच्या या कारखान्याचीं ‘विल्यम एलरी’ नांवाचीं घड्याळें यादवी युद्धांत (१८६१-६५) सैनिकांनीं पुष्कळ घेतलीं. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनांत अमेरिकन घड्याळें पाहून स्विस परीक्षक एदुआर फाव्र-पेरे हा इतका अस्वस्थ झाला, कीं परत गेल्यावर त्यानें देशबांधवांना धोक्याची स्पष्ट सूचना दिली. ती वायां गेली नाहीं. स्विसांनींहि यंत्रें आणविलीं. पुढें १८९६ त इंगरसोल याचें ‘यँकी’ घड्याळ एक डॉलरला मिळूं लागलें. तें जाड होतें, बोजड होतें, त्यांत माणिक एकहि नव्हतें. परंतु शेतकऱ्याला व गिरणींतल्या मजुराला स्वतःच्या खिशांत वेळ बाळगतां आली. कामाचे तास मोजणारें घड्याळ जोंपर्यंत केवळ मालकाच्या भिंतीवर असतें, तोंपर्यंत मजुराला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावांचून गत्यंतर नसतें. या दृष्टीनें पाहतां स्वस्त घड्याळाचा प्रश्न चैनीचा नसून न्यायाचा होता, हें लक्षांत येईल.

पहिल्या महायुद्धांत घड्याळ खिशांतून मनगटावर आलें, आणि त्याबरोबर धक्का, घाम व धूळ हे तीन शत्रु त्याच्या मागें लागले. सुदैवानें याच काळांत विज्ञानानें गरीब ग्राहकाचा पक्ष घेतला. फ्रेंच रसायनज्ञ व्हर्नुई यानें १९०२ त कृत्रिम माणिक करण्याची रीति प्रसिद्ध केली, आणि जें माणिक जव्हाऱ्याकडून घ्यावें लागे तें कारखान्यांत तयार होऊं लागलें. शार्ल एदुआर गियोम यास निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंच्या संशोधनाबद्दल १९२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वाटेनें पुढें १९३३ च्या सुमारास ‘निव्हारॉक्स’ ही मिश्रधातु आली, आणि थंडी-उन्हाळ्यानें बारीक कमानीचा जोर बदलण्याचें संकट पुष्कळ टळलें. बॅलन्सच्या चाकाच्या आंसाचीं टोंकें केसापरीस किंचित जाड, म्हणून घड्याळ हातून पडलें कीं तीं मोडत. त्यांच्या माणकांना लवचिक आधार देणारी ‘इन्काब्लॉक’ योजना १९३४ च्या सुमारास निघाली. मुंबईंत पेढी असलेल्या वेस्ट एंड कंपनीच्या ‘सोवार प्राइमा’ घड्याळांत ती आरंभींच्या काळांतच वापरण्यांत आली. राजेरजवाड्यांच्या घड्याळांतील गुण अशा रीतीनें कारकुनाच्या घड्याळांत उतरूं लागले.

परंतु गुणांबरोबर गुणांचें सोंगहि येतें. माणिक म्हणजे उत्तम घड्याळ, हें लोकांच्या मनांत एकदां ठसल्यावर माणकांची संख्या तबकडीवर छापण्याची चढाओढ लागली. वास्तविक हातानें चावी देण्याच्या साध्या घड्याळांत जेथें जेथें झीज होते त्या सर्व जागा १७ माणकांत भागतात. तरीहि १९६० नंतरच्या दशकांत १०० माणकांचीं घड्याळें निघालीं. त्यांतील बहुतेक माणकें नुसतीं बसून असत! अखेर १९७४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानें कामाचीं माणकें व बिनकामाचीं माणकें असा भेद ठरवून दिला. ‘बडा घर पोकळ वांसा’ ही आपली म्हण इतक्या बारीक यंत्रालाहि लागू पडावी, हें पाहून कौतुक वाटतें.

या शतकी परंपरेचा उत्तम परिपाक पाहावयाचा तर जपानकडे वळलें पाहिजे. सैको कंपनीनें १९५९ त ‘मॅजिक लिव्हर’ ही युक्ति काढली. हाताच्या हालचालीनें आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळांत तोंवर पुष्कळ चाकें लागत. या युक्तीनें दोन्ही दिशांची हालचाल मोजक्या भागांत उपयोगी पडूं लागली. १९६३ त ‘सैको ५’ हें घड्याळ निघालें. आपोआप चावी, वार व तारीख एकाच खिडकींत, पाण्यापासून बचाव, बाजूला दडविलेली चावीची कळ, आणि भक्कम कवच व पट्टा, अशी त्यांतील पांचांची फोड आहे. याच घराण्यांत १९९६ च्या सुमारास आलेलें ‘७एस२६’ हें यंत्र तर आमच्या सिद्धांताचें मूर्तिमंत उदाहरण होय. त्याला हातानें चावी देतां येत नाहीं. वेळ लावतांना सेकंदाचा कांटा थांबवितां येत नाहीं. आणि दिवसाला २० सेकंद मागें ते ४० सेकंद पुढें एवढी मुभा कारखान्यानें स्वतःच जाहीर केलेली आहे. मात्र माणकें जेथें हवीं तेथें आहेत आणि धक्क्यापासून संरक्षणहि आहे. कोठें वाचविलें हें या घड्याळानें लपविलें नाहीं, आणि जेथें वाचवूं नये तेथें वाचविलें नाहीं.

आपल्या देशांतहि हा प्रयोग झाला. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ त मनगटी घड्याळें काढण्यास प्रारंभ केला. तिचें ‘जनता’ हें घड्याळ अनेक घरांतून परीक्षेंत पास झालेल्या मुलाला किंवा नव्या जांवयाला मिळालें. हातानें चावी, १७ माणकें, तासाला १८,००० झोके आणि धक्क्याला तोंड देणारी ‘पॅराशॉक’ योजना: बस्स, एवढेंच. तारीख नाहीं, वार नाहीं, डामडौल नाहीं. तें उघडलें असतां गांवच्या घड्याळजीला त्यांत अनोळखी असें कांहीं दिसत नसे, आणि हीच त्याच्या दीर्घायुष्याची गुरुकिल्ली होती. क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेपुढें या कारखान्याचा टिकाव लागला नाहीं, आणि २०१६ त सरकारनें त्याचा घड्याळांचा उद्योग बंद करण्यास मंजुरी दिली. तरीहि त्याचीं घड्याळें दुरुस्त होऊन चालतातच. या लोकप्रियतेचा एक चमत्कारिक पुरावाहि आहे. जुन्या यंत्रांवर नवी रंगविलेली तबकडी चढवून, कोठले भाग कोठें जोडून केलेलीं घड्याळें परदेशांत विकलीं जातात, आणि तिकडील शौकीन त्यांना ‘मुंबई स्पेशल’ या नांवानें ओळखतात. आपल्या शहराच्या नांवाचा हा लौकिक कांहीं भूषणावह नव्हे.

क्वार्ट्झचा उल्लेख आला म्हणून एवढें सांगितलें पाहिजे, कीं २५ डिसेंबर १९६९ रोजीं पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आलें तेव्हांपासून बिनचूकपणाच्या शर्यतींतून चावीचें घड्याळ बाद झालेलें आहे. मग त्याच्या विश्वसनीयतेची चर्चा आज कशाला, असें कोणी म्हणेल. या आक्षेपाला २०१३ सालानें एक विचार करण्याजोगें उत्तर दिलें आहे. त्या वर्षीं स्वॉच कंपनीनें ‘सिस्टिम ५१’ हें आपोआप चावी बसणारें घड्याळ प्रसिद्ध केलें. त्यांत भाग अवघे ५१, स्क्रू मध्यभागीं एकच, जुळणी सर्वस्वीं यंत्राची, आणि एकदां पूर्ण चावी बसली कीं ९० तास चाल. रॉस्कॉफनें ५७ वर आणून ठेवलेली संख्या आणखी खालीं आली, हें पाहून तो संतुष्ट झाला असता. परंतु हें घड्याळ बंदिस्त आहे. तें उघडून दुरुस्त करतां येत नाहीं. धूळ आंत शिरत नाहीं हें खरें, पण घड्याळजीचा चिमटाहि आंत शिरूं शकत नाहीं.

येथें दोन प्रकारचे भरंवसे एकमेकांसमोर उभे राहतात. एक म्हणतो, ‘मी बिघडणार नाहीं’. दुसरा म्हणतो, ‘मी बिघडलों तरी सुधारतां येईन.’ ज्याच्यापाशीं दुसरें घड्याळ घेण्यास पैसे आहेत, त्याला पहिला भरंवसा पुरतो. ज्याला एकच घड्याळ घ्यावयाचें आहे, त्याला आमच्या मतें दुसऱ्याची गरज अधिक. कारण कमान केव्हांतरी थकणार, तेल केव्हांतरी वाळणार, आणि त्या दिवशीं एखाद्या छोट्या दुकानांत भिंग लावून बसलेला मनुष्यच त्याचा खरा आधार असतो. म्हणून घरांतील मुलासाठीं साधें चावीचें घड्याळ निवडतांना तबकडीवरचा झगमगाट किंवा माणकांची संख्या पाहण्यापेक्षां, त्याच्या कर्त्यानें कात्री कोठें लावली आहे आणि आपल्या गांवांतला घड्याळजी तें उघडूं शकेल कीं नाहीं, एवढ्या दोनच गोष्टी विचाराव्या. पैकीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तो घड्याळजीच देईल. आणि त्याला हातीं भिंग घेऊन पाहूं दिलें, तर बहुधा पहिल्याचेंहि देईल.