पहिला पाइप : देणारा, घेणारा आणि घडवणारा

नवशिक्याला पहिला पाइप भेट द्यावयाचा झाल्यास तो कोणता निवडावा, हा प्रश्न वरकरणी चैनीचा वाटेल. कामगार चळवळीत वावरलेल्या आमच्यासारख्यांनी या व्यासपीठावर तो का घ्यावा, असेही कुणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. भेटवस्तूच्या व्यवहारात देणारा आणि घेणारा असे दोघेच डोळ्यांपुढे असतात. ती घडवणारा तिसरा मनुष्य सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पाइपाची पारख मात्र या तिसऱ्याच्या कामावाचून कळत नाही.

प्रारंभ मातीच्या पाइपापासून करू. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात तंबाखू आली, तेव्हा ती इतकी महाग होती की पाइपाची वाटी अगदी इवलीशी असे. १६०४ साली राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध पुस्तिका काढली आणि पौंडामागे दोन पेन्स असलेला कर सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेला. सवय हटली नाही. पुढे व्हर्जिनियाचा माल येऊ लागला, भाव उतरले आणि वाटी मोठी झाली. १६१९ साली वेस्टमिन्स्टरच्या पाइपकारागिरांना सनद मिळाली. इंग्लंडातले ब्रोझली आणि हॉलंडमधले गौडा ही गावे या धंद्याने नावारूपास आली.

पांढऱ्या मातीची वळी करावयाची, तीत तार खुपसून भोक पाडावयाचे, साच्यात दाबून वाटी उमटवावयाची, कडा तासावयाच्या आणि भट्टीत भाजावयाचे, असे हे काम. तासण्या-घासण्याला पुष्कळदा बायका आणि मुले असत. भाजलेली कोरडी माती ओठाला चिकटते, म्हणून दांडीच्या टोकाला मेण किंवा झिलई लावीत. नवशिक्यासाठी पाइप घेताना आधी हे टोक पाहावे लागे. मातीचा पाइप स्वस्त, पण काचेसारखा नाजूक. मोडलेला तुकडा लोक फेकून देत. १९५४ साली अमेरिकेत जे. सी. हॅरिंग्टन यांनी दाखवून दिले की दांडीतले भोक काळाबरोबर अरुंद होत गेले आहे. तेव्हापासून उत्खननात सापडलेल्या तुकड्यांवरून वस्तीच्या काळाचा अंदाज बांधता येऊ लागला. ज्या कारागिराचे नाव कुठे नोंदलेले नाही, त्याची तार इतिहासाच्या कामी आली!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सें-क्लोद या गावी नवे युग सुरू झाले. हे लाकूड कातणाऱ्यांचे गाव. भूमध्य समुद्राकाठी ब्रायर नावाचे झुडूप वाढते. त्याच्या मुळाशी जमिनीत एक गाठ धरते. ही गाठ कठीण, उष्णता सोसणारी आणि ओल शोषणारी असते. ती खणून तोडावयाची, तासन्‌तास उकळावयाची, महिनोन्‌महिने सुकवावयाची आणि मग कातावयाची. उकळण्यात वा सुकवण्यात घाई झाली की लाकूड तडकते.

आता निवडीचे नियम आपोआप कळतील. पाइप वजनाला हलका असावा, कारण तो दातांत धरावयाचा असतो. आकार सरळ असावा, म्हणजे साफ करण्याची काडी थेट वाटीपर्यंत पोचते. भोक वाटीच्या तळाशी बरोबर मध्यावर उतरलेले असावे. ते वर राहिले तर तळाची तंबाखू ओलसर राहते. वाटीची भिंत जाड असावी, नाही तर हात पोळतो. रोगणाचा जाड थर असेल तर संशय घ्यावा, कारण त्याखाली लाकडातले खड्डे बुजवलेले असू शकतात. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरच्या खनिजाचा शुभ्र पाइप वापरता वापरता सुंदर तांबूस होतो, पण हातातून पडला की संपला. नवशिक्याला तो नको. हेन्री टिबी या कातकाम करणाऱ्याने १८६९ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे पाइप विकावयास काढले. गरिबाला परवडणारा आणि नवशिक्याला सोयीचा असा पाइप तोच.

सें-क्लोदबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. तेथे १८८१ साली ‘ला फ्रातेर्नेल’ ही सहकारी संस्था निघाली. नफा सभासदांत वाटून न टाकता तो आजारपण, म्हातारपण अशा सामुदायिक कामांकडे वळवावा, हे तिचे धोरण ठरले. १९१० च्या सुमारास तिचे लोकगृह उभे राहिले. त्यात दुकान होते तसे नाट्यगृहही होते. ९ एप्रिल १९४४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, नाझींनी या गावातले तीनशेवर पुरुष पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीकडे पाठवले. त्यांतले पुष्कळ परतले नाहीत.

एवढे सांगून आम्ही तंबाखूची तरफदारी करीत नाही. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठावर कर्करोग होतो, हे जर्मन वैद्य झ्योमरिंग यांनी १७९५ सालीच नोंदले होते. धूर छातीत घेतला नाही की धोका नाही, ही समजूत खोटी आहे. तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचाही कर्करोग पाइपाने होतो. तेव्हा ज्याला सवयच नाही त्याच्या हाती पहिला पाइप देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारागिरीचे कौतुक करावयाचे तर तो कपाटात ठेवूनही करता येते.

पण सवय घटावी असे म्हणणाऱ्याने पुढचाही प्रश्न विचारला पाहिजे. ब्रायर आला, सिगारेट आली आणि मातीचे पाइप करणाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या. त्या हातांचे पुढे काय, याचा विचार गिऱ्हाइकाने केला नाही. आपल्याकडे सिन्नर, सोलापूर, निपाणीच्या विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. त्यांचा माल लोकांनी सोडावा असे आपण म्हणणार असू, तर त्यांना दुसरे काम मिळवून देण्याची जबाबदारीही आपणच उचलली पाहिजे.