अंड्याची आख्यायिका आणि खोक्यातला केक

१/ केकच्या तयार मिश्रणाविषयी एक गोष्ट जाहिरातशास्त्राच्या वर्गांपासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नुसते पाणी घालून केक करता येईल अशी मिश्रणे आली. पण इतका आयता केक घरच्यांपुढे ठेवताना गृहिणींना अपराधी वाटू लागले. मग एका मानसशास्त्रज्ञाने अंडे त्यांचे त्यांनाच फोडू द्यावे असा सल्ला दिला आणि खप झपाट्याने वाढला. गोष्ट चटकदार आहे. कागदपत्रे मात्र निराळे सांगतात.

२/ हे मिश्रण नेमक्या कोणत्या कष्टांना पर्याय म्हणून आले, हे आधी पाहायला हवे. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या इंग्रजी पाकपुस्तकात पौंड केकचे मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटण्यास सांगितले आहे. ही हौस नव्हती. बेकिंग पावडर नसलेल्या काळात केक हलका करण्यासाठी फेटून हवा कोंडणे हाच मुख्य उपाय होता. सधन घरांत हे काम नोकरांकडे, तर अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामीत जखडलेल्या स्त्रियांकडे असे.

३/ एकोणिसाव्या शतकात बेकिंग पावडर आली, हाताने फिरवायचे चक्री फेटणे आले. १९३० मध्ये सनबीम कंपनीचा मिक्समास्टर हा विजेचा मिक्सर बाजारात आला. पण ते महामंदीचे दिवस होते. असे यंत्र प्रत्येक घराला परवडणारे नव्हते.

४/ त्याच वर्षी पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या कंपनीच्या जॉन डफ यांनी एका पेटंटसाठी अर्ज केला. कंपनीचा व्यवसाय मोलॅसिसचा, म्हणजे काकवीच्या जातीच्या गडद पाकाचा. हा पाक पिठाबरोबर सुकवून, त्यात साखर, चरबी, मसाले, सोडा आणि अंड्याची भुकटी घालून जिंजरब्रेडचे कोरडे मिश्रण करण्याची ही पद्धत होती. फक्त पाणी घालायचे आणि भाजायचे. १९३३ मध्ये पेटंट मिळाले.

५/ आता कळीचा कागद. १९३५ मध्ये डफ यांना दुसरे पेटंट मिळाले. त्यात अंड्याची भुकटी वगळली होती, आणि गृहिणींचा कल ताज्या अंड्यांकडे दिसतो, असे कारणही नोंदवले होते. अंड्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते अर्न्स्ट डिख्टर तेव्हा व्हिएन्नात होते. ते अमेरिकेत स्थायिक झाले १९३८ मध्ये. म्हणजे अंडे त्यांच्या आधीच पाककृतीत परतले होते.

६/ महायुद्धानंतर मोठ्या पीठ कंपन्या या धंद्यात उतरल्या. जनरल मिल्सचे बेटी क्रॉकर मिश्रण १९४७ मध्ये, पिल्सबरीचे १९४८ मध्ये, तर डंकन हाइन्सचे १९५१ मध्ये आले. बेटी क्रॉकर ही १९२१ मध्ये जाहिरातीसाठी निर्माण केलेली काल्पनिक स्त्री होती. डंकन हाइन्स मात्र उपाहारगृहांची पारख करणारे खरेखुरे गृहस्थ होते. त्यांच्या नावाच्या मिश्रणात ताजी अंडी घालावी लागत.

७/ डिख्टर यांनी १९५० च्या दशकात जनरल मिल्ससाठी काम केले आणि ताज्या अंड्याचा पुरस्कार केला, हे खरेच. पण भुकटीच्या अंड्याचे दोष जिभेला आणि डोळ्यांना कळणारे होते. इतिहासकार लॉरा शपिरो यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात ही आख्यायिका तपासली आहे. ताज्या अंड्याने केक चवीला आणि पोताला सरस होई. शिवाय अंडे आल्यावर खप अखंड चढत गेला, असेही घडले नाही. दशकाच्या उत्तरार्धात वाढ मंदावली.

८/ मिक्सर अनावश्यक होण्याचे कारण मानसशास्त्रात नव्हते, चरबीच्या रसायनात होते. १९३० च्या दशकात पायसीकारक घातलेली वनस्पती चरबी विकसित झाली. तिच्यामुळे पिठापेक्षा साखर जास्त असली तरी केक बसत नाही, आणि लोणी-साखर वेगळी फेटण्याची पायरीही गळते. तासभराचे श्रम कारखान्यातच उरकून खोक्यात भरले गेले.

९/ याचा शेवटचा टप्पा म्हणजे डंप केक. भांड्यात डबाबंद चेरी आणि अननसाचा चुरा ओतायचा, वर कोरडे मिश्रण पसरायचे, त्यावर लोण्याच्या चकत्या ठेवायच्या आणि थेट ओव्हनमध्ये सरकवायचे. ना चमचा, ना मिक्सर. खालून फळांचा रस आणि वरून वितळते लोणी पिठाला भिजवतात. इथे तर अंडेही नाही! आयत्या पदार्थाची लाज हीच खरी अडचण असती, तर हा पदार्थ रुजलाच नसता.

१०/ मग ती आख्यायिका इतकी टिकली का? कारण तिच्यात एक हुशार पुरुष आहे आणि स्वतःचे मन न कळणाऱ्या लाखो स्त्रिया आहेत. पेटंटमधल्या स्त्रिया निराळ्या आहेत: त्यांना चांगला केक हवा होता, आणि उत्पादकाला त्यांचे ऐकावे लागले. स्वयंपाकघराच्या इतिहासात स्त्रियांच्या निवडीला भावनेचे नाव पटकन चिकटवले जाते. अशी गोष्ट वाचनात आली, की त्या स्त्रिया काय चाखत होत्या, हा प्रश्न आधी विचारावा.